ओढणाऱ्याचं घर

“ओढ म्हणतोय ना, ओढ त्याला,” हेडमास्तर ओरडत होते. “हात काय भाड्यानं दिलेत?”

आमच्या हेडमास्तरांचा आवाज म्हणजे साधी चीज नव्हती. प्रार्थनेला ते ‘सावधान’ म्हणाले की पिंपळवंडीच्या शिवारात औताचे बैल जागच्या जागी थबकायचे. त्या दिवशी तर त्यांनी असा सूर लावला होता की वर्गाची तीन कौलं सरकली आणि पालीनं भिंतीवरून अंग सोडलं. वर्गाच्या मधोमध सतरंजी, सतरंजीवर पट, पटावर पुठ्ठ्याचा एक मेलेला बैल, आणि त्या बैलाच्या पोटावर अख्ख्या नववीचे चिंचोके अडकून पडलेले. समोर एक उंच पोरगा मांडी घालून बसलेला. त्याच्या गुडघ्यापुढं दोन बोटं सुतळी. ती त्यानं बैलाच्या शिंगातल्या भोकात ओवायची आणि बैल गोठ्याच्या घरातून खड्ड्याच्या घरात ओढून न्यायचा. अंतर एक वीत. तेवढं झालं की खेळ पुढं सुरू.

पोरगा सुतळीकडं बघत होता आणि हात मांडीखाली दाबून बसला होता.

खुर्चीत तपासणीला आलेले इन्स्पेक्टरसाहेब, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. खिडकीशी आमचे सायन्सचे मास्तर, तोंडाचा रंग खडूसारखा. त्यांची नोकरी त्या एक वीत अंतरावर येऊन उभी राहिली होती. आणि मी, चित्रकलेचा मास्तर, भिंतीला टेकून. बैल माझ्या हातचा होता, तेव्हा बघायला मी हजर असणारच.

आता हे सगळं तिथवर कसं आलं ते सांगतो. माझ्या सांगण्यात तिखटमीठ जास्त पडतं अशी माझ्या सासुरवाडीपासून सगळ्यांची तक्रार आहे. ज्यांना अळणी लागतं त्यांनी शाळेचं दप्तर वाचावं; त्यात यातलं एक अक्षर नाही.

सायन्सचे मास्तर मुंबईत वाढलेले. अंगानं इतके किडकिडीत की वाऱ्याच्या दिवसांत खिशात खडू भरून चालायचे, नाहीतर थेट निरगुडसरात सापडले असते. दोन वर्षं झाली तरी ते हंगामीच होते. पुण्यात एका घरी त्यांचं लग्न ठरल्यात जमा होतं, पण मुलीच्या बापानं साफ सांगितलं होतं की आधी कायम व्हा, मग अक्षता. त्यामुळं शिक्षकांच्या खोलीत त्यांना सगळे ‘हंगामी नवरदेव’ म्हणायचे. सकाळी ते आत आले की गणिताचे मास्तर विचारायचे, “काय नवरदेव, पोरगी अजून तरुण आहे ना?” आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. चांगली थट्टा होती.

कायम करायचं की नाही हे ठरणार होतं जानेवारीतल्या तपासणीवर. साहेबांनी पाठीवर थाप मारली की कमिटीचे चेअरमन सही करणार, असं हेडमास्तरांनी त्यांना चारचौघांत सांगून ठेवलं होतं. नाही मारली तर जूनमध्ये दुसरा माणूस. चेअरमनचा एक पुतण्या बी.एस्सी. होऊन घरी बसला होता, हेही त्याच दमात सांगितलं होतं.

म्हणून मास्तरांनी जिवावर उदार होऊन नत्रचक्र निवडलं.

नत्र म्हणजे हवेतला नायट्रोजन. तो हवेतून मातीत येतो, मातीतून पिकात, पिकातून जनावरात, शेणातून आणि मढ्यातून परत मातीत, आणि शेवटी परत हवेत. पुस्तकात याची एक आकृती होती. चार बाण आणि एक गाय, आणि गाय अशी की तिला बघून दूध आटावं. पोरांना त्यातून काही कळेना. मास्तर म्हणाले, शेतकऱ्यांची पोरं आहेत, शेतातच दाखवू. आणि नववीला घेऊन ते शाळेशेजारच्या हरभऱ्यात शिरले, मुळांवरच्या गाठी दाखवायला. त्या गाठींत म्हणे जंतू राहतात आणि हवेतला नत्र धरून ठेवतात.

मास्तर एका रोपाची मुळं हातात धरून बोलत होते तोवर मागं पोरांनी निम्मं वावर साफ केलं. हरभरा घाट्यात आलेला, थंडी पडलेली, आणि मास्तर म्हणतायत की उपटून बघा. शेताचा मालक काठी घेऊन आला तेव्हा एकेकाच्या तोंडातून हिरवा रस गळत होता.

“पोरं शिकवताय का टोळधाड पाळलीय?” मालक म्हणाला.

“आम्ही नत्र बघत होतो,” मास्तर म्हणाले.

“दिसला का?”

“मुळांच्या गाठींत असतो.”

“गाठी ऱ्हाऊ द्या तिथं. घाटे कुठं गेले त्ये सांगा.”

त्या दिवसापासून पंचक्रोशीत सायन्सच्या तासाला पोरं शेतात येणार असं कळलं की माणसं कुंपणाला काटे लावायची. शेत बंद झालं, म्हणून मास्तरांनी खेळ काढला. सारीपाटासारखा पट, कवड्यांचं दान, आणि चिंचोक्यांच्या सोंगट्या. एकेक चिंचोका म्हणजे एकेक नत्राचा कण. हवेच्या घरातून निघायचं. विजेचं दान पडलं की थेट मातीत. हरभऱ्याच्या मुळाचं घर लागलं की तिथून मातीत. मग ज्वारी, मग बैल. शेणाचं दान पडलं की उकिरड्यावरून पुन्हा माती. माती पाणथळ झाली की परत हवा. बैल पुठ्ठ्याचा वेगळा कापलेला. एका बाजूनं उभा, दुसऱ्या बाजूनं चारी पाय वर. खोटं दान पडलं की बैल उलटा करायचा, म्हणजे मेला.

पटासाठी आम्ही दोघं एसटीनं जुन्नरला गेलो. तिथं कागद्यांच्या आळीत एक म्हातारे चाचा अजून हातानं कागद काढत होते. गिरणीच्या कागदानं त्यांचा धंदा खाल्ला होता. हौद कोरडे पडले होते आणि एकात कोंबड्या ठेवल्या होत्या. चार जाड ताव खळीनं एकावर एक चिकटवून आणि वरून दगडानं घोटून त्यांनी असा पुठ्ठा दिला की त्यावर माणूस झोपला असता.

“याच्यावर काय काढनार मास्तर?” त्यांनी विचारलं.

“बैलाचं मढं,” मी म्हणालो.

“बहोत अच्छा,” चाचा म्हणाले. “आमच्या बापजाद्यांच्या कागदावर जहागिऱ्यांच्या सनदा लिवल्या. आता मढंच ऱ्हायलं व्हतं.” आणि हौदातली एक कोंबडी त्यांनी उगाच हाकलली.

पट रंगवायला मला आठ दिवस लागले. माती मी अशी काढली की शाळेच्या शिपायानं त्यावर पाणी शिंपडलं. उकिरड्यावर खऱ्या माश्या बसायच्या. पोरं खेळायला बसली आणि नत्रचक्राचं जे काही झालं ते पुस्तक लिहिणाऱ्यानं बघितलं असतं तर शेती करायला गेला असता. लोणीच्या पोरानं हवेतून खाली उतरायलाच नकार दिला. आमच्याकडं पाऊसच नाही तर वीज कुठली, म्हणाला. पिंपळवंडीच्या पोराचे चिंचोके एकदा मातीत गेले ते बाहेर निघेनात. माझ्या वावरात आलेलं मी कुणाला का देऊ, असा त्याचा सवाल. मास्तर समजावून सांगायचे की यात कुणी जिंकत नाही, फिरत राहायचं असतं. पोरं मान डोलवायची आणि पुन्हा बांधावरून भांडायची.

पण शिकत होती. आठवड्याभरात नववीतला ढ पोरगासुद्धा झोपेत बडबडायचा की शेणातून अमोनिया, अमोनियातून नत्र. मास्तरांच्या गालावर चक्क मांस चढलं.

मग एके दिवशी हेडमास्तर पट बघायला आले. दोन्ही हात मागं बांधून त्यांनी पटाभोवती प्रदक्षिणा घातली आणि बैलापाशी थांबले.

“बैल मेला,” ते म्हणाले.

“हो,” मास्तर म्हणाले. “मग त्याचं सगळं मातीत जातं.”

“कसं जातं? मध्ये काहीच नाही. गोठा, आणि एकदम माती. बैल काय पायांनी चालत जाईल?”

“सर, तो कुजतो. जंतू असतात.”

“ते जंतू नंतर. आधी बैल गोठ्यातून बाहेर कोण काढणार? माणूस कुठाय तुमच्या चित्रात?”

गणिताचे मास्तर बरोबर होते. ते म्हणाले, खरंच की, माणूस राहिलाच. मराठीचे म्हणाले, माणसाशिवाय अर्धवट वाटतं. शिपाई म्हणाला, “त्याबिगर व्हनारच न्हाई.” अख्ख्या शाळेत एकालाही असं वाटलं नाही की बैल जिथं पडला तिथंच कुजू शकतो. आमच्याकडं कुठलंच मढं आजवर जिथं पडलं तिथं राहिलं नव्हतं. ते ओढून न्यायला माणसं होती, गावानं पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच गळ्यात ते काम बांधलं होतं, आणि ती ओढ्यापलीकडं राहायची. त्यांच्याशिवाय निसर्ग चालतो हे आमच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. सायन्सच्या मास्तरांच्या डोक्यात होतं, पण ते हंगामी.

तेव्हा मातीच्या अलीकडं मी मढ्याचा एक खड्डा काढला, आणि गोठा आणि खड्डा यांच्यामध्ये एक नवं घर. ओढणाऱ्याचं घर. खांद्यावर दोर घेतलेला वाकलेला माणूस. तोंड रंगवायला घेतलं तर हेडमास्तर म्हणाले, “तोंड कशाला? पाठ पुरे.” म्हणून पाठमोरा काढला. नियम असा ठरला की एकानं ओढणारा व्हायचं. त्याला चिंचोका नाही, कवड्या नाहीत. बैल मेला की त्यानं ओढायचा, एवढंच.

नव्या नियमाच्या पहिल्या दिवशी पोरांनी चिंचोके वाटून घेतले. सुतळी उरली. ती कुणी कुणाला दिली नाही आणि कुणी उचललीही नाही. हातानं हातानं सरकत, उताराला पाणी जावं तशी, ती त्या उंच पोरापुढं जाऊन थांबली. ओढ्यापलीकडून नववीपर्यंत पोचलेला तो एकटा.

हा पोरगा गरीब गाय होता असं कुणी समजू नये. कवड्या तो अशा टाकायचा की त्या त्याला विचारून पडायच्या. हेडमास्तरांची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की एकदा त्याच्या ‘सावधान’वर आम्ही तीन शिक्षक उभे राहिलो होतो. आजवर पटावर सगळ्यांत जास्त दंगा त्याचाच. सुतळी पुढं आल्यावर मात्र तो पटापासून मागं सरकला. मास्तरांनी ते बघितलं आणि म्हणाले, “असू दे. बैल मी ओढतो. तू खेळ.” आणि सरावभर तेच वाकून बैल ओढत राहिले. इथवर ठीक होतं.

पण बाहेर ठीक नव्हतं. ओढ्यापलीकडची निम्मी वस्ती त्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. परत आल्यावर अख्ख्या वस्तीच्या वतीनं त्यांनी चावडीवर येऊन सांगितलं, आजपासून मेलेलं जनावर आम्ही ओढणार नाही. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. सांगितलं आणि गेले. गावानंही भांडण केलं नाही. पिठाची गिरणी फक्त त्यांच्यापुरती बिघडली. किराणा दुकानातलं मीठ फक्त त्यांच्यापुरतं संपलं. ऊसतोडीला माणसं हवी होती ती फक्त त्यांच्यापुरती नको झाली. गाव असं शहाणं, की हात न लावता गळा दाबतं.

आणि तपासणीच्या तीन दिवस आधी चेअरमनचा बैल मेला. शाळेच्या मागं, ओढ्याच्या काठावर. बैल कसला, टेकडी होती ती. तिच्या सावलीत तालुक्याची कचेरी बसली असती. चेअरमननी ओढ्यापलीकडं निरोप धाडला. तिकडून उत्तर आलं, न्हाई. चेअरमननी घरच्या चार गड्यांना सांगितलं. चौघांनाही त्याच क्षणी पाठीची कळ आली. स्वतः चेअरमनना तर तो विचार शिवलासुद्धा नाही. बैल फुगला. शिवनेरीच्या कड्यावरची गिधाडं आली. वास असा उठला की निरगुडसरच्या माणसांनी लोणीच्या माणसांना शिव्या दिल्या आणि लोणीच्यांनी आणखी पूर्वेला.

तपासणीच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी शेवटचा सराव बघितला. मास्तर वाकून बैल ओढताना दिसले.

“हे काय? शिक्षकानं मढं ओढायचं? साहेबांच्या समोर?”

“सर, नुसता पुठ्ठा आहे.”

“तुम्ही उभं राहून समजावून सांगायचं. ओढायला आहे की वर्गात.” मग आवाज उतरवून, म्हणजे फक्त मंचरपर्यंत जाईल एवढा करून, म्हणाले, “चेअरमन येणार आहेत उद्या. बघू दे त्यांना, शाळेत तरी शिस्त आहे.”

शाळा सुटल्यावर मास्तरांनी त्या पोराला थांबवून घेतलं. मी कुंचले धूत होतो.

“उद्या तेवढं एकदा कर,” मास्तर म्हणाले. “माझं सगळं उद्यावर आहे. तुला माहीत आहे ना?”

“म्हायतीये.”

“मग?”

पोरगा काही बोलला नाही. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या गप्प राहण्याला होकार समजून घरी गेले. अडलेल्या माणसाला सगळंच होकारासारखं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जीपमधून उतरताना त्यांनी एकदा श्वास घेतला आणि तो परत सोडायला त्यांना बराच वेळ लागला. अत्तराचा रुमाल निघाला तो शेवटपर्यंत नाकावरच राहिला. पण खेळ बघून माणूस खुलला. स्वतः सतरंजीवर बसला, कवड्या टाकल्या, पहिल्याच दानाला वीज. लोणीच्या पोरानं त्याला विचारलं, “सायेब, तुमच्याकडं लई पाऊस पडतो का?” साहेब हसत उठून खुर्चीत बसले, चेअरमन हसले, हेडमास्तर उशिरा पण जोरात हसले. मास्तर माती, मुळं, ज्वारी समजावून सांगत होते आणि त्यांचा आवाज सनईसारखा लागला होता. मला तर अक्षतांचा वाससुद्धा आला. त्या वासात आला, यावरून काय ते समजा.

मग खोटं दान पडलं. बैल उलटा झाला. त्याच्या पोटावर पोरांचे चिंचोके साठत गेले, कारण नियमानं बैल खड्ड्यात जाईपर्यंत कुणालाच सुटका नव्हती. सगळे सुतळीकडं बघायला लागले.

पोरानं हात मांडीखाली घातले.

“ओढ रे,” मास्तर हळू म्हणाले.

मग हेडमास्तरांचा तो आवाज, जो मी सुरुवातीला सांगितला. कौलं, पाल, सगळं. तो थांबल्यावर साहेबांनी खुर्चीत मागं रेलत मास्तरांना विचारलं, “समजा, नाहीच ओढला बैल. तर काय होईल?”

हा प्रश्न आकाशातून पडला होता. त्याचं उत्तर मास्तरांना पाठ होतं, मलाही त्यांच्यामुळं पाठ झालं होतं. काही होत नाही साहेब, जागच्या जागी कुजतो, जंतूंना बोलवायला कुणाला जावं लागत नाही. मागच्या खिडकीतून चेअरमनचा बैल स्वतः तेच ओरडून सांगत होता. मास्तरांनी तोंड उघडलं. हेडमास्तरांकडं बघितलं. चेअरमनकडं बघितलं.

“चक्र थांबेल, साहेब,” ते म्हणाले.

“थांबेल?”

“सगळं थांबेल. जमीन उपाशी राहील.”

“मग अख्खं गाव उपाशी की याच्यापायी,” साहेब म्हणाले. चेअरमन म्हणाले, “तेच सांगतोय आम्ही कवापासून. ऐकतंय कोण?” आणि वर्गभर हसू फिरलं. पिंपळवंडीच्या पोरानं हळूच सुतळी बोटानं आणखी पुढं ढकलली, त्याच्या गुडघ्याला लागेपर्यंत.

“का ओढत नाहीस?” साहेबांनी पोराला विचारलं. तसे चांगल्या सुरातच.

पोरगा म्हणाला, “मला बी चिंचोका द्या, मंग खेळतो.”

“आणि बैल?”

“समद्यांनी पाळी लावून वढू.”

एवढा अन्याय आमच्या वर्गात आजवर कुणी ऐकला नव्हता. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. ज्यांच्यावर पाळी येणार होती त्यांनी आत्ताच हात पुसले. हेडमास्तरांनी कोपऱ्यातली छडी उचलली. मला वाटलं तेच मारतील, तो त्यांचा आवडता विषय. पण त्यांनी छडी मास्तरांपुढं धरली.

“तुमचा विद्यार्थी आहे,” ते म्हणाले. “ताबा दाखवा.”

मास्तरांनी आजवर वर्गात डाससुद्धा मारला नव्हता. छडी त्यांनी चुकीच्या टोकाला धरली, मग उलटी केली. पोरानं एक हात मांडीखालून काढून पुढं धरला. मास्तर मारत गेले. सुरुवातीला हलक्या हातानं, पण हेडमास्तर “हं” म्हणाले, तसा हात चढत गेला. किडकिडीत माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून येतं ते मी तेव्हा बघितलं. चष्मा घसरला तरी थांबले नाहीत. मध्येमध्ये म्हणायचे, “ओढ ना रे. ओढ ना,” आणि ते रागावल्यासारखं नाही, हात जोडल्यासारखं म्हणायचे, त्यामुळं ऐकायला आणखी वाईट वाटत होतं. पोराचा तळहात सुजून पावासारखा झाला. त्यानं तो बदलला नाही. दुसरा मांडीखालीच.

शेवटी साहेब उठले. “पुरे,” म्हणाले. “वास फार येतोय.” आणि चेअरमनच्या घरी चहाला गेले.

चहाचं मला शिपायानं सांगितलं. पोहे होते, बेसनलाडू होते, साहेबांनी रुमाल खिशात ठेवला होता. खेळ छान आहे म्हणाले, चित्रं तर फारच छान. मास्तरांबद्दल म्हणाले, “माणूस हुशार आहे. वर्गावर ताबा नाही.” चेअरमननी लगेच मान डोलवली. इतक्या लगेच, की पुतण्या पडद्याआड उभा असावा असं शिपायाला वाटलं.

अशा रीतीनं मास्तरांना सांगण्यात आलं की त्यांची गरज मार्चअखेरपर्यंत आहे. हेडमास्तरांनी निरोप-समारंभ केला, हार घातला, आणि भाषणात ‘आमचे हंगामी मित्र’ असं म्हणाले. गणिताचे मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुण्याची मुलगी त्याच लग्नसराईत रेल्वेतल्या कायम कारकुनाला दिली गेली. पत्रिका मास्तरांनाही आली होती. पट हेडमास्तरांनी आपल्या खोलीत भिंतीला लावला. पाहुणे आले की त्या पाठमोऱ्या माणसापाशी थांबायचे. मी आयुष्यात काढलेली सगळ्यांत चांगली पाठ ती, हे मी खोटेपणा न करता सांगतो.

ओढ्याकाठचा बैल कुणीच ओढला नाही. गिधाडांनी, कुत्र्यांनी आणि त्या जंतूंनी तो होता तिथंच संपवला, आणि महिनाभरात पांढरी हाडं तेवढी राहिली.

मास्तरांना एसटीवर पोचवायला मी एकटा गेलो. ट्रंक टपावर चढवली. खिडकीतून हात बाहेर काढला, त्याकडं एकदा बघितलं आणि परत आत घेतला. गाडी गेल्यावर मी वळलो तर तो पोरगा रस्त्याच्या कडेला उभा. हाताची सूज केव्हाच उतरली होती. निरोप द्यायला आला होता की नुसताच बघायला, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. माझं डोकं फिरलं.

“बघितलंस ना?” मी म्हणालो. “गेला तो माणूस. देशोधडीला लागला.”

“व्हय.”

“तुझं काय वाकडं केलं होतं त्यांनी? सरावाला स्वतः वाकून बैल ओढत होते तुझ्यासाठी.”

“व्हय.”

“दोन बोटं सुतळी रे. एक वीत पुठ्ठा ओढायचा. त्यात काय होतं? कुणीही ओढला असता.”

गाडीची धूळ अजून खाली बसत होती.

“बाकीची पोरं व्हती की तिथं, गुरुजी,” तो म्हणाला.